गुरुवार चारचा पेशंट

शनिवार, ४ मार्च

बावन्नाव्या वर्षी पुन्हा वही घेऊन बाकावर बसले. आमच्या गोर गावच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण, सगळे हातावर पोट असलेले. कुणी मसाज करतं, कुणी रग्बी खेळणाऱ्यांचे पाय सांभाळतं. माणसाच्या अंगातला कुठला स्नायू आखडलाय, कुठला ढिला पडलाय आणि दोघांना पुन्हा कामाला कसं लावायचं, हे जूनपर्यंत एक शनिवार सोडून एक शनिवार शिकायचं. शिकवायला ड्युनेडिनहून लॉर्नाबाई येतात. सत्तरी उलटलेली, सडसडीत बाई. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नाही.

आल्या आल्या त्यांनी दाराच्या चौकटीला ओळंबा लावला, गवंडी लावतात तसा, आणि एकेकाला अर्ध्या चड्डीवर त्याच्यामागे उभं केलं. अकरांतलं एकही अंग सरळ निघालं नाही. मला तपासायला सेमिसी आला. टोंगाचा, चाळिशीचा, दारात मावत नाही एवढा माणूस, पण हात हलका. म्हणाला, "ताई, तुम्ही सगळा भार डाव्या पायावर घेता. उजवीकडे कुणीतरी उभं असावं तशी जागा सोडता."

"मसाजच्या टेबलाच्या एकाच अंगानं काम करते मी, त्यामुळे असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

जाताना बाईंनी घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानं एक खरोखरचा वाकडा माणूस शोधायचा, तीन महिने दर आठवड्याला त्याच्यावर काम करायचं आणि १० जूनला त्याला हॉलवर आणायचं. बाई सगळ्यांसमोर तपासणार. तो सरळ झाला असेल तर सर्टिफिकेट.

मला एकच माणूस आठवला. तीस वर्षं मेंढ्या कातरून ज्याची पाठ पिळून निघाली तो पाओरा. माझा नवरा. कागदावर अजून नवराच, पण सहा वर्षं तो तपानुईला बहिणीच्या घरामागच्या खोलीत राहतो आणि मी इथं. मुलंबाळं झाली नाहीत, त्यामुळे येणंजाणंही राहिलं नाही. आठवला तो फक्त पाठीसाठी. हे स्पष्ट लिहून ठेवते.

रविवार, ५ मार्च

दोनदा फोन उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"नायरी बोलतेय."

पलीकडचा रेडिओ बंद झाला. मग हळूच, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. तुझी पाठ हवी आहे."

"सबंध, की तुकड्यांत?"

मी हसले नाही. म्हणजे त्याला ऐकू जाईल असं हसले नाही. शिबिर, अभ्यास, सर्टिफिकेट, सगळं घाईघाईनं सांगून टाकलं. दर गुरुवारी चार वाजता, जूनपर्यंत. तो "येतो" म्हणाला. एक प्रश्न विचारला नाही. पाऊण तासाचा रस्ता आहे तिथून.

गुरुवार, ९ मार्च

साडेतीनलाच त्याची गाडी बाहेर उभी होती. चार वाजेपर्यंत आतच बसून राहिला. मी पडद्याआडून पाहत होते, कारण पेशंट गाडीतून कसा उतरतो ते पाहायचं असतं.

केस पांढरे झालेत. शर्ट नवा, दुकानातल्या घडीच्या खुणा तशाच. ओळंब्यामागे उभा केला. डावं कमरेचं हाड उजव्यापेक्षा दोन बोटं वर, डावी कंबर लाकडासारखी. पालथा निजवून उजवा पाय उचलायला सांगितला तर उजवा कुल्ला ढिम्म हलेना, कंबरच सगळं ओढत होती. कागदावर तसं लिहिलं.

"मुकादमानं विचारलंय," टेबलाच्या भोकात तोंड घालून तो म्हणाला. "जुलैत कातरणाऱ्यांची टोळी निघतेय ऑस्ट्रेलियाला. पाठ साथ देत असेल तर चल म्हणतोय."

"मग? जायचंय?"

"पाठीवर आहे."

ऑस्ट्रेलियाचं नाव मला अजून सहन होत नाही. सहा आठवडे म्हणून गेला होता आणि पाच महिने राहिला. त्यातच माझी आई गेली. आमच्या रीतीप्रमाणे तीन दिवस तिचा देह सभाघरात ठेवला होता, सगळं गोत भोवती, आणि मी तीन दिवस दाराकडे पाहत होते. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. मी म्हटलं, आता तिकडेच राहा. तो तिकडे राहिला नाही आणि घरीही आला नाही. सामान घेऊन बहिणीकडे गेला. रागाच्या बोलण्याचा शब्दशः अर्थ घेणारा असा माणूस दुसरा नसेल.

म्हणजे मी याची पाठ नीट केली की हा पुन्हा निघाला. असो. अभ्यास तो अभ्यास.

गुरुवार, ३० मार्च

चौथी वेळ. डावी कंबर चाळीस मिनिटं चोळली, तो टेबलावरच झोपला. घोरतो अजून. मी उठवलं नाही, स्टुलावर बसून राहिले. उठल्यावर म्हणाला, "आठ दिवस पुरेल एवढं झालं." आणि खरंच आठच दिवस पुरतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा लाकूड होऊन हजर.

मला आवडतं हे. इथं कबूल करायला काय जातंय. खवाट्याखाली त्याला एक तीळ आहे, हात तिथं गेला की न बघता कळतं. बावीस वर्षांची ओळख हात विसरत नाहीत. बुधवारी संध्याकाळपासूनच मी टॉवेल धुऊन, खोली गरम करून तयार असते. इतर पेशंटांसाठी इतकं करत नाही, हे मलाही दिसतं.

जाताना चीज रोल दिले, चार. सहा खाऊन गेला.

शनिवार, १५ एप्रिल

आज चांगलीच तोंडघशी पडले.

लॉर्नाबाईंनी सगळ्यांच्या नोंदी वाचल्या. माझा कागद हातात धरून विचारलं, "सहा वेळा माणूस आला आणि सहाही वेळा तुम्ही डावी कंबरच मोकळी केलीत. का?"

"दुखतं तिथं."

"ती ओरडतेय, म्हणून तुम्ही तिच्याकडे धावता. पण दोष तिचा नाही. उजवा कुल्ला झोपलाय आणि त्याचं काम ही बिचारी करतेय. तुम्ही तिला चोळून आराम देता, तो आठ दिवस टिकतो, माणूस परत येतो. तुमचं छान चाललंय." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "नायरी, तुम्हाला हा माणूस बरा करायचाय, की त्याला दर आठवड्याला यायला लावायचंय?"

कानशिलं तापली. नवखी असते तर गोष्ट वेगळी. झोपलेला स्नायू मला पहिल्याच दिवशी सापडला होता, माझ्याच अक्षरात तिथं लिहिलाय. मग सहा आठवडे हात तिकडे गेला का नाही? उत्तर ठाऊक आहे आणि ते लिहायची लाज वाटते. दुखणाऱ्या माणसाला दुखत ठेवलं मी. स्वतःच्या गुरुवारसाठी.

गुरुवार, २० एप्रिल

आज इमानदारीनं काम केलं. डाव्या कुशीवर निजवून उजवा पाय मागच्या अंगानं वर उचलायला लावला. बाराव्या वेळी पाय थरथरायला लागला. कुल्ल्यावर बोटं टेकवून मी म्हणत होते, इथून उचल, इथून. आणि एकदाचा तो जागा झाला, बोटांखाली दगड धरावा तसा. इतकं बरं वाटलं की क्षणभर बाकी सगळं विसरले.

"सकाळ-संध्याकाळ वीस वीस वेळा," मी म्हटलं. "नेमानं केलंस तर तीन-चार आठवड्यांत सरळ होशील."

"इतक्या लवकर?"

"जुलैच्या आत. काळजी करू नकोस, तुझी टोळी चुकत नाही."

तो मोजे घालत राहिला, काही बोलला नाही. फार आनंद झाला की असाच गप्प होतो, पहिल्यापासून.

तो गेल्यावर टेबलाची चादर काढता काढता रडले. आता जे करायचं ते हेच आहे, पण रडू यायचं ते आलंच.

गुरुवार, ११ मे

पाओरा बादली घेऊन आला. त्याचे चुलतभाऊ बेटांवर शिकारीला जाऊन आले, तिथले खारवलेले तीती, समुद्रपक्षी. मला किती आवडतात हे त्याला कुणी सांगायला नको. तीन वेळा पाणी बदलून उकळायचे, नाहीतर मीठ सहन होत नाही, म्हणजे दोन-अडीच तासांचं काम. "मी थांबतो, तुला पाणी ओतायला जड जाईल," म्हणाला. जड पातेली मी रोज उचलते, पण म्हटलं थांब. साऱ्या घरात तो वास भरला आणि काचांवर वाफ धरली.

दुसरं पाणी उकळेपर्यंत हा छपरावर. पन्हळीत पानं साचली होती, ती हातानं काढली. शिडी खांद्यावर टाकून नेली, परत आणली, मग दारात येऊन एकदम कमरेला हात लावला आणि म्हणाला, "आई गं." मी ओरडले त्याच्यावर. असल्या पाठीनं छपरावर चढतात का? तो म्हणाला, "चुकलं." शहाण्यासारखा म्हणाला, नेहमी वाद घालतो.

जेवताना सेमिसीच्या गमती सांगितल्या. हसताना मागे रेलून हसला, पूर्वी हसायचा तसा. भांडी त्यानं घासली.

पुन्हा मोजलं तेव्हा डावं हाड दीड बोट वर. तीन आठवड्यांत अर्धं बोट सुधारणा. व्यायाम करतोस ना, विचारलं. म्हणे, करतो, कधी कधी राहतो.

गुरुवार, २५ मे

काही जमत नाहीये. उभा केला की तसाच वाकडा, दीड बोट वर. पालथा निजवला की कुल्ला चांगला घट्ट लागतो, पण उभं राहिलं की पुन्हा सगळं विसरल्यासारखं. असं मी कधी पाहिलं नाही. तीन पुस्तकं चाळली. मागच्या आठवड्यात ट्रेलरभर सरपण फोडून रचून गेला, एकट्यानं, मी पेशंटमध्ये होते तेवढ्यात. त्यानं पुन्हा धरली असणार कंबर. मी बोलले तर म्हणाला, "तुझ्या घरात थंडी फार आहे, नायरी."

आज टेबलाखाली मांजर शिरली तर वाकून तिला एका हातानं उचलून घेतलं, मांडीवर ठेवलं, तिच्याशी बोलत बसला. मी मात्र त्याच्या मणक्यांकडे बघत होते. कुठं चुकतंय?

कदाचित माझ्याच हातात खोट आहे. कदाचित मला तो बरा व्हायला नको आहे आणि हातांना ते कळतं. मनापासून करते म्हणते, पण कोण जाणे. हा माणूस माझ्या भरवशावर पन्नास किलोमीटर येतो आणि मी त्याला सरळ करू शकत नाही. मुकादम काय म्हणतो विचारलं तर म्हणे, "तो थांबलाय."

शनिवार, २७ मे

सेमिसीला जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. छप्पर, सरपण, मांजर, दीड बोट. तो सँडविच हातात तसंच धरून ऐकत होता.

"निजला की बरा, उभा राहिला की वाकडा," तो म्हणाला.

"हो. कुठल्या स्नायूचं काम हे?"

"ताई, ते स्नायूचं काम नाही."

"मग मज्जातंतू?"

त्यानं सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझी बायको मला ढ म्हणते. तुमची तिची भेट घालून द्यायला पाहिजे." त्याला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो. मला यातून काही मिळालं नाही.

शनिवार, १० जून

झालं.

माझा नंबर चौथा. पाओरा ओळंब्यामागे उभा राहिला, वाकडा. मी नोंदी वाचून दाखवल्या. लॉर्नाबाईंनी त्याला निजवलं, कुशीवर वळवलं, एका पायावर उभं केलं, पुढे ढकललं, मागे ओढलं. दहा मिनिटं हे चाललं. मग त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सरळ उभे राहा."

"राहिलोय."

"नाही राहिलात. मी पंचेचाळीस वर्षं हेच करतेय. राहा सरळ."

आणि तो सरळ झाला. काही न करता, नुसता श्वास सोडावा तसा. दोन्ही हाडं एका रेषेत, खांदे एका रेषेत, दोरा बरोबर मधोमध. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. सेमिसी नव्हता हसला.

"हा माणूस किमान महिनाभर ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "ज्यांनी काम केलं त्यांनी उत्तम केलं. आणि वाकडा उभा राहत होता तो स्वतःच्या मर्जीनं." माझ्या कागदावर सही केली. उत्तम हा शब्द त्यांच्या तोंडून तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकला.

मला मात्र राग आवरेना. बाहेर गाडीपाशी त्याला गाठलं. "महिनाभर खोटं बोललास माझ्याशी?"

"उभा राहिलो फक्त," तो म्हणाला.

"मी रात्रंदिवस पुस्तकं चाळतेय, माझ्या हातांना दोष देतेय, आणि तू मजा बघतोस? फुकट मसाज मिळतोय म्हणून?"

त्याची मान खाली. "मग आता गुरुवारी यायचं नाही?"

"कशाला? बरा झालास की. तुझी टोळी वाट पाहत असेल. जा."

तो किती तरी वेळ दार उघडून उभा होता. मी त्याच्या खांद्यांकडे पाहत होते. दोन्ही अगदी समपातळीत. मनात म्हटलं, हे मी केलंय. चेहऱ्याकडे पाहिलं नाही, आत्ता आठवू म्हटलं तर आठवत नाही.

गुरुवार, १५ जून

चारची वेळ मिसेस हॅलिडे मागत होत्या. मी रिकामी नाही म्हणाले. मग चार ते पाच खोली गरम करून बसले. शुद्ध मूर्खपणा.

शनिवार, १ जुलै

पाओरा आज ऑस्ट्रेलियाला गेला. त्याची बहीण मेरेआना, तिचा निरोप आला. पर्थला उतरून पुढे दोनशे मैल कुठेतरी, मेंढ्या कातरायच्या मोठ्या शेडवर. मी भिंतीवर सर्टिफिकेट लावलं, ते जरा तिरकं बसलं. नीट केलं नाही.

त्याची आठवण येते. ही ओळ सहा वर्षांत एकदाही लिहिली नव्हती. येते, फार येते. सकाळी जास्त, का ते माहीत नाही.

गुरुवार, २० जुलै

मेरेआना तीन वाजता मान धरून आली. आमचं वाईट कधीच नव्हतं, पण सहा वर्षांत ती पहिल्यांदाच टेबलावर आडवी झाली. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "वहिनी, एक विचारू? तू त्याला असं काय बोललीस?"

"कधी?"

"जूनमध्ये. कारण एप्रिलमध्येच त्यानं मुकादमाला नाही म्हणून कळवलं होतं. माझ्या समोर फोन केला. म्हणाला, मी जात नाही, दुसरा बघा. कातरताना कमरेला बांधायचा पट्टासुद्धा खुंटीवरून काढून देऊन टाकणार होता. आणि १० जूनला घरी आला, न जेवता बसला, आणि म्हणाला, विचार त्यांना जागा आहे का अजून."

माझे हात तिच्या मानेवर तसेच थांबले.

"एप्रिलमध्ये कधी?"

"आता तारीख काय सांगू? तुझ्याकडून येऊन. पाय उचलायचे व्यायाम सुरू केलेस बघ, त्या आठवड्यात. चार दिशांना पाय उडवायचा रोज सकाळी, माझ्या बैठकीच्या खोलीत. एक दिवस चुकवला नाही. मला म्हणाला, मी बरा होतोय. मी म्हटलं, मग तोंड का पडलंय? तर म्हणे, ती म्हणते मे महिन्यातच होईन."

ती गेल्यावर ही वही काढून मागची पानं वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. शिडी, सरपण, मांजर. "इतक्या लवकर?" हे त्याचं वाक्यसुद्धा मी जसंच्या तसं उतरवून घेतलंय. तीन महिने त्या माणसाच्या अंगावरचं हाडन्हाड मोजलं आणि तो समोर उभा होता तो मला दिसला नाही. त्याला नुसतं सरळ करून पाठवून दिलं.

चार वाजले. तिकडे बारा, शेडवर जेवणाची सुट्टी. सव्वाचारला नंबर काढला. साडेचारला चहा केला, प्यायला नाही. पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा लावला.

मागे माणसांचे आवाज, मेंढ्यांची ओरड.

"कोण गेलं?" तो म्हणाला.

"कुणी नाही. पाठ कशी आहे?"

"सरळ आहे. तू केलीस ना."

मग तिकडच्या थंडीचं, मेंढ्यांचं, शेडवरच्या जेवणाचं बोलून झालं. मी म्हटलं, "मेरेआना आली होती." माणसांचे आवाज जरा मागे पडले, तो बाजूला गेला असावा. मी म्हटलं, "पाओरा, मला दुखतंय."

"कुठे?"

वीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारते. उत्तर देणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि त्याच वेळी तिकडे घंटा झाली. एकची. कातरणाऱ्यांत घंटेला फार मान असतो. घंटा झाली की त्याच क्षणी मेंढी ओढायची आणि मशीन सुरू करायचं, एक मेंढी मागे पडली तरी दिवसभर टोळी टोमणे मारते. बावीस वर्षांत मी त्याला घंटा चुकवताना पाहिलं नाही, ताप असतानासुद्धा नाही. एकामागून एक मशीन सुरू झाल्याचं मला फोनवर ऐकू येत होतं.

"घंटा झाली तुझी," मी म्हटलं. "जा."

"होऊ दे," तो म्हणाला. "कुठे दुखतंय ते सांग."